शेऱ्याचा रकाना

नानांनी माझ्या स्क्रीनवरची लाल नागमोडी रेघ पाहिली आणि विचारलं, "ही कोणी मारली?" पस्तीस वर्षं तलाठी म्हणून काढलेल्या माणसाला लाल रेघ आपोआप उमटते हे पटेना. त्यांच्या दप्तरात लाल शाई तपासणाऱ्याची. लिहिणाऱ्याने निळ्या शाईने लिहायचं आणि काही महिन्यांनी कोणीतरी येऊन लाल शाईने चूक दाखवायची.

"कोणी नाही मारली, नाना. लिहिता लिहिताच येते."

"म्हणजे तपासणारा शेजारीच बसेल आहे?"

"हो."

त्यांनी खुर्ची ओढली. त्या दिवसापासून दुपारचा चहा माझ्या टेबलाशी होऊ लागला.

मी जळगावातल्या एका छोट्या कंपनीत काम करते. केळी खरेदी करणारे, ठिबकवाले, गावच्या सोसायट्या यांना शेतकऱ्यांची माहिती भरून घ्यायला अर्ज लागतात. त्या अर्जांची रचना त्यांच्याच कचेरीतली माणसं आमच्या ब्राउझरमधल्या एडिटरात लिहितात, जेसनमध्ये, महिरपी कंस आणि अवतरणचिन्हं सांभाळत. वर्षभरापूर्वीपर्यंत तो एडिटर म्हणजे कोरा कागद होता. कोणी 'क्षेत्र'च्या जागी 'क्षेञ' लिहिलं, आकड्याच्या जागी अक्षर टाकलं, तरी कागद गप्प. चूक कळायची ती अर्ज उघडत नाही म्हणून रात्री फोन आल्यावर. माझ्याकडे काम आलं ते या कागदाला बोलतं करण्याचं.

त्यासाठी एडिटरला स्कीमा द्यावा लागतो. हा शब्द घरी चालेना, पण 'नमुना' म्हटलं आणि नानांना पुढचं काही सांगावंच लागलं नाही. कोणते रकाने असलेच पाहिजेत, कशात आकडा, कशात मजकूर, कुठे ठरलेल्या यादीतलाच शब्द, हे लिहून ठेवलेला कागद म्हणजे स्कीमा. तो मिळाला की एडिटर चुकलेल्या जागी रेघ ओढतो, आणि रिकाम्या जागी कर्सर आला की तिथे काय बसू शकतं त्याची यादी पुढे करतो. संगणकात याची परंपरा तशी फार जुनी नाही. दस्तऐवजाची रचना आधी लिहून ठेवायची रीत १९८६ च्या एसजीएमएल मानकात आली, पुढे एक्सएमएल, मग जेसन स्कीमा. मी वापरते तो मोनॅको एडिटर आणि एडिटरला भाषा शिकवण्याचा सामाईक करार हे दोन्ही २०१६ चे. खानदेशात मात्र नमुना आखायचा, तो भरून घ्यायचा आणि भरलेला तपासायचा, हे पावणेदोनशे वर्षं चालू आहे. माझ्या टेबलावरची दुखणी तिथे आधीच येऊन गेलेली आहेत.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात ठाणं केलं आणि १९०६ पर्यंत आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून एकच जिल्हा राहिला. सारा बसवायचा तर जमीन किती आणि कशी हे कळायला हवं. कुळकर्ण्याच्या दप्तरात ते होतं, पण बिघा गावागणिक वेगळा आणि लिहिण्याची तऱ्हा घराण्यागणिक वेगळी.

पुण्याकडे १८२० च्या दशकाच्या शेवटी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने एक मोजणी करून पाहिली होती. कागदावर तिचा हिशेब फार बारीक होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती, खर्च किती, निव्वळ उरलं किती, आणि त्यावर सारा. पण पिकाचे आकडे ज्यांनी गावातून आणायचे त्यांनी ते मनाने भरले. सूत्र बिनचूक आणि आतला माल खोटा, अशी ती मोजणी अखेर सोडून द्यावी लागली. नमुना आखणाऱ्याला वाचता येणार नाही आणि पडताळता येणार नाही असं काहीही नमुन्यात विचारू नये, हे मी प्रिंगलकडून शिकले.

१८३५ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी ते उलटं केलं. निव्वळ उत्पन्नाच्या मागे न लागता डोळ्याला दिसेल आणि पहारीला लागेल तेवढंच विचारायचं ठरवलं. मोजायला ३३ फुटी साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आजही आपण ज्या गुंठ्याने भांडतो तो या साखळीतून आला. प्रतवारीसाठी वावराचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खड्डा घेऊन मातीची खोली पाहायची. सगळ्यात चांगली काळी माती पावणेदोन हात खोल लागली तर सोळा आणे. दीड हाताला चौदा, सव्वा हाताला बारा, हातभर लागली तर दहा, पाऊण हाताला आठ, अर्ध्याला सहा, पाव हाताला साडेचार. मग दोष. चुनखडी, वाळू, उतार, लोंढ्याने धुपण्याची भीती, प्रत्येकाला एकेक ठरलेली खूण. एक खूण पडली की जमीन एक वर्ग खाली. वर्ग नऊच. मोजणीदाराला दहावा वर्ग सुचला तरी लिहायला जागा नव्हती. आम्ही ज्याला एनम म्हणतो ती ठरीव यादी याहून वेगळी काही नसते.

त्यातली टिपण आणि गुणाकार बुकाची जोडी मला सगळ्यात आवडते. टिपणात वावराची आकृती आणि साखळीची मापं. गुणाकार बुकात त्याच मापांचे गुणाकार करून काढलेलं क्षेत्र. एकाच वावराची साक्ष दोन पुस्तकांत. एकात कोणी खाडाखोड केली की दुसरं बोलायचं. वर साहेब गावात येऊन काही वावरं स्वतः पुन्हा मोजून, खणून बघायचा. सारा वसूल करायचा हा त्या साहेबांचा हेतू होता आणि तो मी विसरत नाही, पण नमुना बांधण्यात त्यांचा हात चांगला होता.

हीच मोजणी खानदेशात आली आणि १८५२ साली सावदा, रावेर, चोपडा भागातले शेतकरी तिच्याविरुद्ध उठले. सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांना पकडलं, मोजणी पुढे गेली. ही हकीकत मी शाळेत ऐकलीच नव्हती. आजोळ रावेरकडचं असूनही घरात कोणी बोललं नव्हतं. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये ती आहे, थोडक्यात आणि सरकारच्या बाजूने सांगितलेली. मला ते लोक अडाणी वाटत नाहीत. साखळी घेऊन माणूस वावरात शिरतो, खड्डे घेतो, वहीत कसल्यातरी खुणा करतो आणि त्या खुणांचा अर्थ वावराच्या धन्याला कोणी सांगत नाही. त्याच खुणांवर त्याचा तीस वर्षांचा सारा ठरणार असतो. मग तो जमणार नाही तर काय करणार? चूक दाखवणाऱ्या यंत्रणेने का चूक ते माणसाला त्याच्या भाषेत सांगितलं नाही, तर तो यंत्रणेवरच उठतो. आमच्या एडिटरात पहिल्या महिन्यात इंग्रजीत संदेश येत होते, आणि एका कचेरीतल्या लिपिकाने सरळ जुना कोरा कागद परत मागितला होता. त्यानंतर स्कीमातल्या प्रत्येक रकान्याला मी मराठीत वर्णन लिहिलं. माऊस रकान्यावर नेला की ते दिसतं. ती वर्णनं नानांनी सांगितली. 'पोटखराब: गटातलं लागवडीखाली न येणारं क्षेत्र. नाला, खडक, वाट.' मी यापेक्षा लांब लिहिलं होतं.

मोजणीच्या आधीच्या कागदांना शिस्त नव्हती असं मात्र कोणी समजू नये. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाने ते उभं राहिलं. तिथली मोडी कागदपत्रं पाहायला मी एका रविवारी गेले होते. मोडी मला वाचता येत नाही, पण हिशेबाची रचना न वाचताही दिसते. वर मोठी रक्कम, खाली 'पैकी' म्हणून आत सरकवलेल्या ओळी, त्यातल्या एखाद्या ओळीची पुन्हा पैकी. आम्ही कोडमध्ये आतल्या ओळी सरकवतो तश्शाच. पत्राच्या शेवटी लेखनसीमेची मोहर, म्हणजे इथे मजकूर संपला, यापुढे कोणी घुसडायचं नाही. कसं लिहावं हे सांगणारी मेस्तकं तर हेमाडपंतांच्या नावाने चालत आलेली.

आणि हुंडी. जळगाव-धुळ्याच्या कापूस पेढ्यांवर ती सर्रास चालायची. हुंडीत रक्कम आकड्यात, मग अक्षरात, मग निमे लिहायची. रुपये पाचशे, निमे अडीचशे, त्याचे दुप्पट पुरे. पाचशेला कोणी एक शून्य जोडलं तरी निमे त्याला उघडं पाडायचं. एवढ्या कमी शब्दांत इतकी पक्की तपासणी मी अजून लिहिलेली नाही.

१९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंद आली आणि पुढे गाव नमुने १ ते २१ अशी मांडणी पक्की झाली. सातबारा हा त्यातल्या दोन नमुन्यांचा जोड, नमुना ७ हक्काचा आणि नमुना १२ पिकांचा. आकारबंद हा नमुना १, फेरफार हा ६, खातेउतारा ८ अ. कुळकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, पगारी तलाठी उरला, पण हे आकडे हलले नाहीत. नाना १९८३ मध्ये लागले तेव्हा त्यांच्या हातात जो नमुना ७ आला तो त्यांच्या आजोबांनाही ओळखू आला असता.

त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी मी जशाच्या तशा उचलल्या.

एक पेन्सिल. खरेदीची किंवा वारसाची वर्दी आली की नमुना ६ ला नोंद करायची, नोटीस काढायची, १५ दिवस हरकतीची वाट पाहायची. तोवर सातबारावर फेरफाराचा नंबर पेन्सिलने, त्याभोवती गोल. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर शाई. जुनं नाव खोडायचं नाही, कंसात घ्यायचं. (नाना जेसन पहिल्यांदा वाचायला लागले तेव्हा गोंधळले ते यामुळेच. सातबारावर कंस म्हणजे नोंद कमी झाली, आणि इथे पानभर कंस.) मी सुरुवातीला सगळ्या चुकांना लाल रेघ लावली होती. माणूस निम्मी ओळ लिहितोय, पुढचा रकाना अजून भरायचाय, आणि एडिटर ओरडतोय की अमुक रकाना नाही. नाना म्हणाले, "त्याचं लिहणं तर होऊ दे. पेन्सिलीत आहे ना तो अजून?" तेव्हापासून मसुदा असेपर्यंत अपुऱ्या रकान्याला पिवळी रेघ. अर्ज प्रसिद्ध करायला गेलं की मगच लाल. तपासणीही टाइप करणं थांबल्यावर, जराशा अंतराने सुरू होते, आणि ती ब्राउझरच्या वेगळ्या वर्करमध्ये चालते, म्हणजे लिहिणाऱ्याचा हात अडत नाही.

दुसरी जमाबंदी. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. वर्षअखेरीला गावचे सगळे नमुने घेऊन तहसिलीत जायचं, एकाची तेरीज दुसऱ्याशी जुळवायची. न जुळली तर शक निघायचा आणि त्याची पूर्तता करत बसायचं. लहानपणी त्या दिवसांत नाना कंदील लावून ओट्यावर बसलेले मला आठवतात, तीन पैशांचा फरक शोधत. चूक भाद्रपदात झालेली, सापडायची ज्येष्ठात. ती करताना समोर कोण होतं, काय कागद होता, काहीही आठवत नसे. त्या तीन पैशांसाठी त्यांनी तीन रात्री घातल्या. म्हणूनच शेजारी बसलेला तपासणारा त्यांना इतका नवलाचा वाटला.

मग संगणक आला. आधी सातबारा नुसते टंकून घेतले गेले आणि हस्तलिखितातल्या जुन्या चुकांत टंकनाच्या नव्या मिळाल्या. मग ई-फेरफार, आणि हस्तलिखित सातबाऱ्याशी संगणकातला सातबारा जुळवण्याची मोहीम. तलाठी तिला एडिट म्हणतात, नंतर री-एडिट आलं. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळते का, एकूण क्षेत्र आकारबंदाशी जुळतं का, अशा कसोट्या यंत्र लावायचं आणि न जुळणाऱ्या गटांच्या याद्या काढायचं. त्या याद्या म्हणजे ओडीसी अहवाल. त्यांचा नुसता उल्लेख झाला तरी नाना अजून गप्प होतात. प्रत्येक अहवाल निरंक करायचा होता, आणि सर्व्हर मोकळा सापडायचा तो पहाटे. जमाबंदीचाच खेळ, पण एका वर्षाचा नव्हे, शंभर वर्षांचा, एकदम. जमीन महसूल कायद्यातलं कलम १५५, लेखनप्रमाद दुरुस्तीचं, त्या काळात गावागावात तोंडपाठ झालं.

पण यंत्राला न दिसणारी चूकही असते. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा. एका गावात माझी आत्या बसली होती. तिचे दोन एकर, म्हणजे ८१ आर. वाचणाऱ्याने अठरा म्हटलं. आकडे टंकताना उलटे झाले होते, आणि शेजारच्या सहधारकाच्या नावावर तेवढंच क्षेत्र जास्त पडल्यामुळे बेरीज बरोबर जुळत होती. आत्या उठून उभी राहिली. "ओ भाऊसाहेब, अठराचे एक्याऐंशी करा आधी." शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई. तिथल्या तिथे त्यांनी लिहून घेतलं आणि पुढे दुरुस्त झालं. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ ला सुरू झाला तेव्हा तिच्या उताऱ्यावर ८१ होते. नाना त्याच वर्षी निवृत्त झाले.

आता माझ्याकडून झालेल्या चुका, कारण त्या सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. गट क्रमांकासाठी मी नियम लिहिला होता की नुसते आकडे चालतील. जावास्क्रिप्टमध्ये आकड्याची जी खूण आहे ती फक्त इंग्रजी आकडे ओळखते. '१२३' लिहिलं की तिच्या दृष्टीने तिथे आकडाच नाही. मराठी माणसासाठी बनवलेल्या अर्जात मराठी आकड्याला लाल रेघ. नानांनी पहिल्या दिवशी पाहिलेली रेघ ती. ते दुरुस्त केलं तर नानांनी कागदावर लिहून दिलं: ४५/१+२, ११२/२/अ, २०७ पैकी. हे सगळे खरे गट, त्यांच्या सजातले.

गावांच्या यादीतल्या बऱ्हाणपूरचंही तसंच. त्यातला 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळी गावं. यादीतलं गाव लिहूनही ते यादीत नाही असा संदेश येई, आणि लिहिणारा आपलंच लिहिणं पुन्हापुन्हा वाचत बसे. आता तुलना करण्याआधी मी दोन्ही रूपं एक करून घेते.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. सिंचनाच्या यादीत पहिला शब्द होता 'कोरडवाहू', आणि रिकामा रकाना आला की एडिटर तो आपोआप भरून टाकायचा. एका संस्थेचा अर्ज गेला, आणि तापीकाठच्या केळीच्या गावातले बागायतदार कोरडवाहू म्हणून नोंदले गेले. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. कोणी लिहिलंच नव्हतं. ज्याच्या मळ्यात केळीचा कांदेबाग उभा आहे त्याला अर्जात कोरडवाहू दिसलं तेव्हा त्याने आम्हाला फोन करून जे ऐकवलं ते योग्यच होतं. यादी पुढे करणं निराळं आणि उत्तर भरून ठेवणं निराळं. आता एडिटर सुचवतो आणि थांबतो.

गेल्या महिन्यात शेवटचा नियम लिहिताना नाना शेजारी होते. नमुन्यात नाही तो रकाना कोणी जोडला तर तो चालणार नाही, अशी एक ओळ स्कीमात लिहिता येते. मी ती लिहिली. कडक स्कीमा चांगला, असं आम्हाला शिकवतात.

"आणि शेरा?" नानांनी विचारलं.

"कसला शेरा?"

त्यांनी बोटावर मोजले. नमुना बाराला शेरा. फेरफारालाही शेवटी मंडळ अधिकाऱ्याचा शेरा. "जे कुठेच बसत नाही ते कुठे लिहशील तू? माणूस काय वाऱ्यावर लिहीन?"

विंगेटच्या नऊ वर्गांत न बसलेली जमीन शेवटी कोणत्यातरी वर्गात कोंबली गेली असेल. पुढे नमुने आखणाऱ्यांनी शेवटचा रकाना मोकळा सोडला. मी कडक नियम ठेवला, पण प्रत्येक अर्जाला 'शेरा' नावाचा एक रकाना दिला. त्याला यादी नाही, लांबीची अट नाही, कोणतीच रेघ नाही.

पहिल्या आठवड्यात यावलकडच्या एका सोसायटीचे अर्ज भरून आले. बहुतेकांत तो रकाना रिकामा होता. एकात लिहिलं होतं: 'बांधावरचा आंबा दोघा भावांत सामाईक. एक साल आड.'